सोजरकाकूची खरपुडी

वाळलेल्या रोपाला वास नसतो, असं आमच्या कॉलेजात कुणी म्हटलं की मी भांडायला उठते. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य गेलंय. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकांवर टोप्या घालायच्या, मुलींनी नळ्या फोडल्या की मुलींना बोलायचं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी जुनी कपाटं उघडून कागदांवर चिकटवलेल्या वाळक्या रोपांमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. ती रोपं म्हणजे माझ्या लेखी नुसते कागदांचे गठ्ठे होते. जपून उचला, झुरळांपासून सांभाळा, परत ठेवा. नावं सगळी लॅटिन, ती वाचायचा मी कधी प्रयत्न केला नाही.

गेल्या वर्षी नव्या मॅडम रुजू झाल्या. त्यांना सगळंच बघायचं असतं. कोपऱ्यातलं जे कपाट मी इतकी वर्षं वरच्या वर झटकत आले, तेही त्यांनी रिकामं करायला लावलं. मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घालत मी तळाचा गठ्ठा सोडला आणि तिसऱ्या की चौथ्या कागदावर माझा हात थांबला. सुतळीएवढा बारीक वेल. लांबट पानं. करंगळीच्या पेराएवढं फूल, खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या, जत्रेतल्या खेळण्यातल्या कंदिलासारखं. शेजारी अर्धा चिरून चिकटवलेला चपटा कंद. खाली शाईनं लिहिलेलं लॅटिन नाव आणि त्याखाली ठिकाण. ते ठिकाण म्हणजे आमचं गाव होतं, सिरसाळ्याच्या अलीकडचं.

मी कागद नाकाशी नेला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, जुन्या खळीचा आला, आणि त्याच्याही खालून भिजलेल्या मुरमाचा वास आला. आला म्हणजे आला.

"ताई, ओळखता का हे?" मॅडमनी विचारलं.

"ओळखते म्हणजे? खाल्लंय मी हे. खरपुडी आहे ही."

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. कॉलेजात यायच्या आधीपासून दोन पावसाळे त्या जिल्ह्यातले माळ पालथे घालत होत्या, पण ही जात त्यांना एकदाही दिसली नव्हती. मग स्टुलावर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. अशा वेली फार थोड्या मुलखात उगवतात. तिथून गेल्या की दुसरीकडे असतीलच असं नाही. कधी कधी जगातूनच जातात. "आणि एखादी जात जाते तेव्हा काही आवाज होत नाही हो ताई. कुणीतरी तिला शेवटचं बघितलेलं असतं, आणि हे शेवटचं आहे हे त्या माणसालाही माहीत नसतं."

आमच्या माळावरची शेवटची खरपुडी कुणी बघितली, कुणी खणली आणि कुणामुळे खणली गेली, हे मला पक्कं माहीत होतं.

आमचं घर मेंढरांचं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण जीव सगळा मेंढरांत. गावाच्या उगवतीला माळ होता, आणि तो आषाढात असा काही हिरवा व्हायचा की जनावरंसुद्धा आधी दोन मिनिटं नुसती उभी राहायची. सकाळी भिजलेल्या घोंगडीचा उबट वास, मेंढरांच्या लोकरीचा वास, तुडवलेल्या गवताचा वास, असे तिन्ही अंगावर घेऊन आम्ही पोरं दिवसभर तिथं. आवाज म्हणाल तर शेकडो तोंडांनी गवत तोडल्याचा, एकसारखा, संथ. तो थांबला की तात्या मान वर करायचे, कारण तो थांबला म्हणजे मेंढरांना कशाची तरी चाहूल लागलेली असायची. चंडोल सरळ आभाळात चढायचा आणि वर कुठंतरी जाऊन बडबडत बसायचा. तरवडाला पिवळी फुलं लागलेली. होले घुमायचे. कुसळी गवत अजून कोवळं, टोचण्याच्या वयात न आलेलं.

आणि त्या गवतात खरपुडी.

तिचा कंद कच्चाच खायचा. खुरप्यानं मुरूम बाजूला करत जायचं, वेल तुटू द्यायचा नाही, कारण तुटला की कंद हरवलाच. वीतभर खाली चपटा गोळा लागायचा. फ्रॉकला पुसायचा, नखानं साल काढायची आणि चावायचा. आधी तोंडभर पाणी सुटायचं, मग गोडसर लागायचं आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मुळाशी जरासा कडवटपणा यायचा. पुढं शहरात कितीतरी महागाची फळं खाल्ली, पण असं तीन टप्प्यांत चव देणारं काही भेटलं नाही.

खरपुडी शोधण्यात आमच्या घरात एकच माणूस अव्वल, ती म्हणजे सोजरकाकू. तात्या माझे थोरले चुलते आणि काकू त्यांची बायको. दिंद्रुडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मेंढरं राखता येत नव्हती, लोकर कातरता येत नव्हती, आणि आमच्या घरात ज्याला हे येत नाही त्याला काहीच येत नाही असं धरून चालायचे. पण पहिल्याच पावसाळ्यात तिनं माळावर पाऊल टाकलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "ती बगा. तिकडं एक. त्या तरवडाच्या बुडाला अजून एक." फुलावर आलेली खरपुडी कुणालाही दिसते. काकूला ती फुलाच्या आधी, नुसत्या पानावरून, गुडघाभर गवतात दिसायची. बायका म्हणायच्या, सोजरचा डोळा म्हणजे डोळा आहे. काकू यावर फक्त पदर नीट करायची. तेवढीच तिची ऐट. त्या घरात तिच्या वाट्याला आलेलं तेवढंच कौतुक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

खणण्याचे नियम होते. खड्डा उघडा ठेवायचा नाही, पायानं बुजवायचा. बारके कंद निघाले तर परत मातीत ठेवायचे. आणि सगळ्यात मोठा नियम दगडांचा. हंगाम सुरू व्हायच्या आधी तात्या एकटे माळावर जायचे आणि जिथं जिथं दाट खरपुडी असेल तिथला सगळ्यात जुना, जाड वेल हेरून त्याच्या बुडाशी चुलीसारखे तीन दगड मांडून यायचे. त्या वेलाला आम्ही आईवेल म्हणायचो. त्याला हात लावायचा नाही. तो फुलणार, त्याच्या शेंगा तडकणार, बियांच्या म्हाताऱ्या उडणार आणि पुढच्या वर्षीची खरपुडी त्यातून येणार. हे कुणी शिकवलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. दगड दिसले की खुरपं आपोआप थांबायचं.

मी पाचवीत होते त्या वर्षी माळावर परकी पोरं यायला लागली. पलीकडच्या वस्तीवरची. त्यांच्याकडे खुरपी नव्हती, चक्क पहारी होत्या. त्यांना दगडांचा अर्थ कळला होता, पण उलटा. जिथं तीन दगड तिथं सगळ्यात मोठा कंद! माळाच्या वरच्या अंगाचे दोन आईवेल त्यांनी दगडांसकट उखडून नेले. खड्डे तसेच उघडे. ते बघून मला इतका राग आला की मी रडले, आणि रडता रडता मला एक युक्ती सुचली. त्या वयात स्वतःची युक्ती म्हणजे काय, जगातली सगळ्यात हुशार गोष्ट.

खालच्या उतारावर सात आईवेल शिल्लक होते. मी दुपारी मेंढरं पाण्याला गेली तेव्हा एकटी तिथं गेले आणि सातही ठिकाणचे दगड उचलून ओढ्यात टाकून आले. आता शोधा म्हणावं! दगडच नाहीत तर तुम्हाला आईवेल कुठून कळणार? पहारवाल्या पोरांवर मात केल्याच्या आनंदात मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगायचंच होतं, पण पोरं येऊन हात हलवत परत गेल्यावर, जरा रुबाबात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे माळावरच्या बिरोबापुढं खरपुडीचे कंद ठेवायचे, आणि ते खणून आणायचा मान काकूचा. मी घरी होते, धाकट्या भावाला सांभाळत. काकू परडीत कंद घेऊन आली आणि सगळे बघत राहिले. एवढे मोठे कंद कुणी बघितले नव्हते. मला मात्र परडी बघताच कळलं. काकूच्या डोळ्यानं दाट गवतात बरोबर तेच सात वेल हेरले होते. सगळ्यात जाड, सगळ्यात जुने. दगड नव्हते, तिनं खणले.

तात्यांनी एक कंद हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला. "हे कुठले?"

"खालच्या उताराचे," काकू म्हणाली. अजून ऐटीतच होती.

"दगड व्हते की तितं."

"न्हवते."

"मी सवताच्या हातानं मांडलेत."

"अवं न्हवते. मला काय दिसत न्हाई व्हय?"

आणि मग तात्या हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मोठ्यानं हसले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "सोजरचा डोळा म्हनं! तीन तीन दगड न्हाई दिसले! सात ठिकानचे!" सगळे हसले. आजूबाजूच्या बायका हसल्या, त्यात ज्यांनी तिच्या डोळ्याचं कौतुक केलं होतं त्या जास्त. काकू एकदा माझ्याकडे बघून गेली, म्हणजे तशी सगळ्यांकडेच बघत होती, कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. मी भावाला उगीचच कडेवर घेतलं आणि हसले. हो, मीही हसले.

तेव्हापासून ते आमच्या घरातलं म्हणणंच होऊन बसलं. समोर असलेली वस्तू कुणाला दिसली नाही की म्हणायचं, "सोजरचे दगड." चष्मा डोक्यावर आणि शोधताय गावभर? सोजरचे दगड. पाहुण्यांना सांगायचं, नव्या सुनांना सांगायचं, माझ्या नवऱ्याला तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ज्यांनी खरपुडी कधी बघितली नाही ती पोरंसुद्धा ते म्हणत मोठी झाली. काकू काही दिवस "न्हवतेच दगड" म्हणत राहिली, मग तेही बंद झालं. ती माळावर जाईनाशी झाली. पुढच्या पावसाळ्यात त्या उतारावर एकच वेल आला, त्याच्या पुढच्या वर्षी तोही नाही. मग माळाचाही काही भाग नांगराखाली गेला, काही मुरमासाठी खणला, उरला त्यात कुणी चर काढून ओळीनं झाडं लावली, गवत मारायला औषध फवारलं. चंडोल कधी गेले ते माझ्या लक्षात नाही. मी तोवर अंबाजोगाईला आले होते आणि डांबराच्या गोळ्या मोजत होते.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं. सात वेलींसकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ताई, माळच गेला तिथं सात वेलींचं काय घेऊन बसलात? अकरा वर्षांच्या मुलीनं एवढं ओझं घ्यायचं नसतं." समजूत चांगली होती, पण मला ती पुरली नाही. मला वेलांपेक्षा काकूचा चेहरा जास्त छळत होता.

भाऊबीजेसाठी मी आदल्या दिवशीच माहेरी निघाले. परळीत गाडी बदलली, सिरसाळ्याच्या अलीकडे उतरले, आणि घरी जायच्या आधी तात्यांच्या वस्तीवर गेले. तात्या आता ऐंशीच्या पुढे, पडवीत बाजेवर. काकू त्यांच्याहून लहान, अजून ताठ. पाणी पिऊन झाल्यावर मी पिशवीतून फोटो काढला. मॅडमनी त्या कागदाचा फोटो काढून दिला होता.

"काकू, ही अजून कुठं असंल का गं? तुला ठाऊक असंल तर तुलाच."

काकूनं फोटो लांब धरला, जवळ धरला. मग तो माझ्या हातात देऊन उठली आणि "ये" म्हणाली.

घरामागं शेराचं जुनं कुंपण आहे. शेर म्हणजे नुसत्या हिरव्या कांड्या. चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा व्हायचा, म्हणून शेळी तोंड लावत नाही की पोरं जवळ जात नाहीत. काकूनं काठीनं दोन फांद्या बाजूला केल्या. आत, शेराच्या कांड्यांना पीळ घालत, सुतळीएवढे वेल वर गेले होते. एक नाही, कितीतरी. पानं पिवळी पडत आलेली. आणि जागोजागी जोडीजोडीनं लागलेल्या बारीक लांब शेंगा, बोकडाच्या शिंगांसारख्या वर उभ्या.

मी खाली बसून वेल मोजायला लागले.

"त्या रविवारी सात व्हते," काकू म्हणाली. "सहा देवापुडं ठिवले. सातवा वटीत लपवला. मनलं, माज्या डोळ्यानं चूक केली, तर निदान एक तरी जगवावा. हितं लावला. कुनाचा हात पोचू ने म्हनून हितं. मग तो आपलाच पसरत गेला. मी कुनाला सांगितलं न्हाई. परत हासतेत की."

तिथंच, शेराच्या कुंपणापाशी, मी तिला सांगितलं. दगड मी काढले होते. ओढ्यात टाकले. पहारवाल्या पोरांना कळू नये म्हणून. आणि नंतर भीतीनं, नंतर लाजेनं, नंतर सवयीनं गप्प राहिले.

काकूनं काठी सोडली. फांद्या परत जागेवर आल्या. तिनं मला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. मला वाटलं होतं फिरवेल.

"चाळीस वर्सं, बाई?" ती म्हणाली. "मला वाटलं माजेच डोळे गेले. डोळ्याच्या शिबिराला तीनदा गेलते मी. डाक्टर मनायचा, आजी, नजर चांगली हाय तुमची. मी मनायचे, तुला काय कळतंय." तिनं तळहातावर बोटं फिरवून दाखवली. "दाळ निवडताना दोनदा निवडायचे. सुनंला मनायचे, तू बग गं एकदा, माजा भरवसा न्हाई. कावून न्हाई बोललीस तू? एकदा तरी बोलायचंस."

मी रडत होते आणि ती रडत नव्हती, हे मला जास्त लागत होतं. मग ती कुंपणाकडे बघत म्हणाली, "पर तू तवाच सांगितलं असतंस तर मी कशाला लपवला असता सातवा? त्योबी देवापुडं गेला असता." हे ती मला माफ करायला बोलली नाही. तिला एक गोष्ट सुचली, ती तिनं बोलून दाखवली, एवढंच.

मी शेंगा मागितल्या. माळावर परत लावायच्या आहेत म्हटलं, मॅडम मदत करतील म्हटलं.

"देते. पर आदी हासनाऱ्यास्नी सांग. मला सांगून काय उपेग? मी तर तवाच मनत व्हते, दगड न्हवते म्हनून."

भाऊबीजेच्या दिवशी सगळे तात्यांच्या वस्तीवर जेवायला होते. पंगत उठली, चहा झाला. माझ्या भावाचा मुलगा मोटारसायकलची किल्ली शोधत अंगणभर फिरत होता आणि किल्ली त्याच्याच बोटात अडकलेली. "सोजरआजीचे दगड!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तात्या बाजेवरून, खोकत खोकत, सगळ्यात जास्त.

मी म्हणाले, "ते दगड मी काढले होते."

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. मला परत पहिल्यापासून, मोठ्यानं, तात्यांच्या कानाशी सांगावं लागलं. काढले कुठून, टाकले कुठं, किती. तात्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मग मी इतकी वर्सं कुनाला हासलो?"

काकू दारात उभी होती. "मला," ती म्हणाली. "लई हासलाव तुमी."

काकूच पुढं म्हणाली, "खरपुडी हाय अजून. तुमच्या बाजंपासून वीस पावलांवर, घरामागल्या शेरात. तवापासून हाय." आणि ती भांडी घासायला निघून गेली. तात्या उठले, काठी टेकत घरामागं गेले. मी खिडकीतून बघत होते. शेराच्या कुंपणापुढं ते कितीतरी वेळ उभे राहिले, वाकले, डोळ्यांवर हात धरून बघितलं, दुसऱ्या टोकाला गेले. त्यांना वेल सापडेना. काकू राखेनं पातेलं घासत राहिली, दाखवायला गेली नाही. शेवटी दिवस कलला तेव्हा ते परत आले आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून झोपले.

शेंगा मला मिळाल्या. जुन्या धोतराच्या फडक्यात, गाठ मारून. मॅडमनी त्या टेबलावर सोडल्या, प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि एकट्याच हसायला लागल्या. शेंगा सुकल्यावर तडकल्या, रुईच्या म्हाताऱ्यांसारखे रेशमी झुबके लावलेलं बी निघालं. पंखा बंद ठेवून आम्ही ते गोळा केलं. जेठात पिशव्यांमध्ये लावलं. मी रोज सकाळी काचपट्ट्यांच्या आधी त्या पिशव्या बघायची. सगळं बी उगवलं नाही, पण उगवलं ते भरपूर उगवलं. पहिली दोन पानं दिसली त्या दिवशी मी काकूला फोन केला. "पान लांबट हाय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं हाय. "मग तीच," म्हणाली.

माळावर बिरोबाच्या आसपासचा तुकडा अजून कुणी नांगरलेला नाही. देवाची जागा म्हणून तो वाचला. काटेरी झुडपांच्या आडोशानं तिथं रोपं लावायची असं मॅडमनी ठरवलं. मेंढरं चरू देत, चरल्यानं गवत माजत नाही, पण काही वर्षं कुणी खुरपं लावायचं नाही. हे गावातल्या मेंढपाळांच्या गळी कसं उतरवायचं याची मला काळजी होती. मी बोलायला गेले तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. एकानं सांगितलं, "तात्या आल्ते की. घरोघर फिरले. हातानं मांडलेले दगड असतेत, ते काडू नका, आन काडले तर येऊन सांगा, हासनार न्हाई कुनी, असं मनले." मला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. काकूलाही नाही.

श्रावणात रोपं घेऊन आम्ही गेलो. मॅडम, कॉलेजच्या चार मुली आणि मी. वस्तीवर थांबून काकूला घेतलं. ती तयारच होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात खुरपं. त्या खुरप्याची मूठ नवी होती. मुलींनी रोपांचे ट्रे उचलले. काकूनं त्यातलं एक रोप बोटानं हलवून बघितलं आणि पुढं चालायला लागली, वाट तिची असल्यासारखी.

तात्या पडवीच्या पायरीवर उभे होते. टोपी घातलेली, काठी हातात, पायात वहाणा. त्या माणसानं जन्मात बायकोला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सांगायचे, हाक मारायचे, हसायचे. विचारलं नव्हतं कधी.

"मी येऊ का?" तात्यांनी विचारलं.

काकू थांबली. मागं वळून तिनं त्यांना टोपीपासून वहाणांपर्यंत बघितलं. सावकाश. मुली, मॅडम, मी, सगळ्या ट्रे घेऊन तशाच उभ्या.

"या," काकू म्हणाली. "पर माळावर पाय बगून टाका. खाली आईवेलाची लेकरं असनार."